गाडी थांबवायला कोण शिकवतं?

प्रश्न : माझा मुलगा बारावीला आहे. अठरा पूर्ण व्हायला अजून चार महिने बाकी. पुढच्या वर्षी भुसावळला कॉलेजला जाईल, म्हणून मोटारसायकल घ्यायचं घरात ठरलं आहे. मी म्हटलं, आधी त्याला गाडीचा क्लास लावू. सासरे (फॅक्टरीतून रिटायर) हसले : "त्याले सायकल येते ना? मंग गाडीबी येईन. क्लास कायले?" दीर म्हणाले, रविवारी मैदानावर नेतो, तासाभरात शिकवतो. मोटारसायकलचा क्लास खरंच असतो का? असला तर त्यात शिकवतात तरी काय? दीर म्हणतात, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. मोबाईलवर एक जण सांगतो, पुढचाच ब्रेक खरा. मी कोणाचं ऐकू?

ता. क. : नव्या गाड्यांचा लाईट भरदुपारीही बंद होत नाही, त्याला बटणच नाही. असं का?

– एक आई, वरणगाव

उत्तर : ताई, तुमचे दीर तासाभरात शिकवतील यात मला शंका नाही. मलाही तासाभरातच शिकवलं होतं. मामांची राजदूत, शाळेचं मैदान, उन्हाळ्याची सुट्टी. किक कशी मारायची, गिअर कुठल्या पायाने टाकायचा, क्लच कसा सोडायचा, सगळं सांगून झालं. गाडी दोन उड्या मारून निघाली. अर्धं मैदान मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं की थांबायचं कसं हे मामांनी सांगितलेलंच नाही. ते काटेरी तारेच्या कुंपणाने सांगितलं. सायलेन्सरच्या चटक्याचा डाग उजव्या पोटरीवर अजून आहे.

आपल्याकडे मोटारसायकल ही शिकण्याची नाही, घरात वारशाने येण्याची गोष्ट आहे. काका, मामा, मित्र, कोणीतरी मागे बसतं आणि गाडी चालू करून देतं. चालू करणं हाच सगळा अभ्यासक्रम. आणि हे फक्त खानदेशातच होतं असं नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या नऊशे मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ मध्ये त्याचा अहवाल आला. अपघातात सापडलेल्या स्वारांपैकी ९२ टक्के लोक गाडी आपली आपण किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. आता सावध वाचक म्हणेल, रस्त्यावरचे बहुतेक सगळेच तसे शिकलेले असतील, तर अपघातातलेही तसेच निघणार. बरोबर आहे. पण हर्टने अपघात न झालेल्या स्वारांचीही माहिती घेतली होती, आणि रीतसर शिकलेले लोक अपघातांत तुलनेने कमी दिसतात, असंच त्याचं म्हणणं होतं.

तर क्लास असतो. अमेरिकेत १९७३ साली गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशन काढलं. त्यांचा नवशिक्यांचा कोर्स बंदिस्त आवारात, छोट्या गाड्यांवर होतो. ब्रिटनमध्ये १९९० पासून हे शिक्षण सक्तीचं आहे. आवारात गाडी हाताळून दाखवायची, मग शिक्षकाच्या देखरेखीखाली निदान दोन तास खऱ्या रस्त्यावर फिरायचं, तेव्हा कागद मिळतो. तोही दोन वर्षांपुरता. महाराष्ट्रात होंडा कंपनीने जी ट्रॅफिक पार्क चालवायला घेतली त्यांत येवला आणि ठाणे आहेत. नाशिकमध्ये 'नाशिक फर्स्ट'चं वाहतूक शिक्षण उद्यान आहे. वरणगावहून ही सगळी लांबच. जवळपास 'मोटार ड्रायव्हिंग स्कूल'च्या पाट्या खूप दिसतील, पण त्यावर चित्र चारचाकीचं असतं.

याला एक साधं कारण आहे. चारचाकीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला अशी दुहेरी सोय हवीच असं केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात, आणि त्याच वाक्यात मोटारसायकलला त्यातून वगळतात. वगळण्यावाचून गत्यंतर नाही, दुचाकीला दुसरा ब्रेक लावणार कुठे? म्हणजे मागे बसलेले दीर ओरडू शकतात, थांबवू शकत नाहीत. म्हणून चांगल्या कोर्समध्ये शिक्षक मागे बसतच नाही. तो समोर उभा राहून बघतो.

आणि शिकवतात काय? पहिला धडा इंजिन बंद ठेवून. गाडी ढकलत न्यायची, वळवायची, स्टँडवर लावायची, काढायची. जपानमध्ये तर आडवी पडलेली गाडी एकट्याने उभी करून दाखवावी लागते. सव्वाशे किलोचं धूड कुठे झुकलं की सावरता येतं आणि कुठे झुकलं की नाही, हे शरीराला आधी कळायला हवं. त्यानंतर क्लच. पूर्ण दाबलेला आणि पूर्ण सोडलेला यांच्यामधली जी बोटभर जागा, आपण जिला हाफ क्लच म्हणतो, तिच्यावर गाडी मुंगीच्या पावलाने चालवायची. मग थांबणं, पुन्हा थांबणं, ठरलेल्या रेषेवर थांबणं. वेग सगळ्यात शेवटी येतो आणि तोही फार येत नाही. दीरांचा तास आणि हा क्लास यांत फरक असलाच तर एवढाच : एक निघायला शिकवतो, दुसरा थांबायला.

आता ब्रेक. एसटीत तुम्ही उभ्या आहात आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला तर सगळी गर्दी कुठे जाते? पुढे. मोटारसायकलचंही तसंच होतं. ब्रेक लागताच सगळा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाची पकड कमी, त्यामुळे मागचा ब्रेक जोरात दाबला की चाक जाम होऊन घसरतं आणि गाडी शेपूट हलवायला लागते. कोरड्या डांबरावर थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते. ढोबळ हिशोब सांगतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. समोर काही दिसून हात-पाय हलेपर्यंत एक सेकंद गेला, म्हणजे १७ मीटर तर नुसत्या विचारात संपले. पुढे दोन्ही ब्रेक नीट लावले तर गाडी आणखी २३-२४ मीटरमध्ये थांबते, फक्त मागच्यावर विसंबलं तर ४० मीटर लागतात. मधलं अंतर एका ट्रकच्या लांबीपेक्षा जास्त आहे.

तरी दीर अगदीच चुकीचे नाहीत. त्यांची भीती अनुभवातून आलेली आहे. खडीवर, चिखलावर किंवा हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक हिसक्याने दाबला की पुढचं चाक सुटतं, आणि पुढचं चाक सुटलं की माणूस जमिनीवर. हा दोष ब्रेकचा नाही, हिसक्याचा. लिंबू पिळावं तसं हळूहळू दाबत जायचं, गाडी सरळ असताना, दोन्ही ब्रेक मिळून. हे सांगून येत नाही, पंचवीस-तीस वेळा करून येतं. तुम्ही नवी गाडी घेणार असाल तर आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांत सहसा दोन्ही ब्रेक एकमेकांना जोडलेले असतात, पायाचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. त्याहून मोठ्या गाड्यांना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची आहे. जुनी गाडी घेणार असाल तर हे विचारून घ्या.

सायकल येते म्हणून गाडी येईल, हे सासऱ्यांचं म्हणणं तोलापुरतं खरं आहे. सायकलवाल्याला तोल शिकवावा लागत नाही. एवढंच नाही, सायकलवाल्याला एक असं गुपित येत असतं जे त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं. थोड्या वेगात असताना डावीकडे वळायचं तर आपण हँडल आधी किंचित उजवीकडे नेतो. गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. विश्वास बसत नसेल तर मुलाला मोकळ्या जागी सायकलवर डाव्या मुठीला हलकेच पुढे ढकलून बघायला सांगा. विमान उडवण्याआधी सायकलींचा धंदा करणाऱ्या राईट बंधूंपैकी विल्बरच्या हे ध्यानात आलं होतं, आणि रोज सायकल चालवणाऱ्यांनाही आपण असं करतो हे माहीत नसतं याची त्याला मौज वाटली होती. गंमत घाबरल्यावर होते. समोर खड्डा येतो, डोकं म्हणतं हँडल फिरव, नजर खड्ड्यावर खिळते, आणि गाडी नेमकी खड्ड्यात जाते. जिकडे नजर तिकडे गाडी. कोर्समध्ये शिक्षक तुम्ही कुठे बघताय यावरूनच जास्त ओरडतो.

सायकलने जे येत नाही ते रस्ता वाचणं. इथे अमेरिका-जपानचा कोर्स फारसा कामाचा नाही, कारण त्यांना आपला रस्ता माहीत नाही. वरणगाव-भुसावळ हा तुकडाच घ्या. जुना सहा नंबरचा हायवे, आता त्रेपन्न, सुरतेकडून नागपूरकडे जाणारी सगळी जड वाहतूक त्यावरून वाहते. चौपदरी झाला, मधे डिव्हायडर आला, आणि त्याबरोबर उलट्या बाजूने येणाऱ्यांची नवी जात जन्माला आली. वळायची जागा किलोमीटरभर पुढे, तिथपर्यंत जाऊन परत कोण येणार? म्हणून शेतातला माणूस सरळ कडेकडेने समोरून येतो. डिव्हायडर आहे म्हणून समोरून कोणी येणार नाही, हे मुलाने गृहीत धरू नये.

मग पावसाळा. आपली काळी माती शेतात सोनं आणि डांबरावर साबण. पहिल्या पावसानंतर ट्रॅक्टर बांधावरून रस्त्यावर चढतो, चाकातली ढेकळं शंभर-दोनशे फूट सांडत जातो, त्यावर भुरभुर पडली की संपलं. रस्त्यावर मातीचे दोन समांतर पट्टे दिसले तर वेग आधी कमी करायचा, पट्ट्यावर पोचल्यावर नाही. पट्ट्यावर ब्रेकही नको, वळणही नको. कापसाच्या दिवसांत ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी कापूस असा फुगलेला असतो की मागचा लाल दिवा असला तरी दिसत नाही. रात्री पुढे नुसता काळोख असेल तर तो रिकामा रस्ताच असेल असं नाही. रावेर-सावद्याकडून येणाऱ्या केळीच्या गाडीमागे लागलात तर पाला आणि खोडाचे तुकडे सांडलेले असतात. दीपनगर-फुलगावच्या पट्ट्यात राखेच्या गाड्यांमागे डोळे उघडे ठेवता येत नाहीत. ही यादी दीरांना माझ्याहून जास्त पाठ असणार. त्यांच्याकडून खरं शिकायचं असेल तर हे शिकायचं, आणि त्यासाठी मैदान नको. पुतण्याला मागे बसवून भुसावळपर्यंत जायचं, नि वाटेत काय काय दिसतंय, कशासाठी वेग कमी केला, हे मोठ्याने बोलत जायचं.

हेल्मेटचं तुम्ही विचारलं नाहीत. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत डोकं शिजतं, ही तक्रार मी खोटी म्हणणार नाही. मात्र हेल्मेटने मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, हे अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे आहेत. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. आयएसआयचं चिन्ह असलेलं घ्या. २०२१ च्या जूनपासून त्याशिवायचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे, तरी रस्त्याच्या कडेला टांगलेली टोपली मिळतेच. आत पातळ सुती रुमाल बांधा, पट्टा अडकवा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी आतला थर चेपलेला असतो. ते टाकून द्यायचं. आणि मागे बसणाऱ्यालाही कायद्याने हेल्मेट लागतं, हे घरातल्या कोणालाच पटणार नाही, तरी सांगून ठेवतो.

आता एक कबुली. क्लास लावला म्हणजे मुलाच्या गळ्यात ताईत बांधला, असं समजू नका. २०१० मध्ये कोक्रेन या संस्थेने जगभरातले अभ्यास तपासले, तेव्हा कुठल्या प्रकारच्या शिक्षणाने अपघात नक्की किती घटतात हे ठामपणे सांगता येईना. अभ्यासच कच्चे निघाले. नॉर्वेत तर निसरड्या रस्त्यावर गाडी सावरायला शिकवलेल्या तरुण ड्रायव्हरांचे अपघात उलट वाढल्याचं दिसलं होतं. 'आपल्याला येतं' हा विश्वास अंगात भिनला की माणूस वेग वाढवतो. म्हणून कसरती शिकवणारा क्लास असेल तर फुकटातही नको. हळू चालवायला आणि थांबायला शिकवणारा असेल तर सुट्टीत आठ दिवस नाशिकला काकांकडे, मावशीकडे पाठवून शिकवा.

अठरा पूर्ण होईपर्यंत चार महिने. या चार महिन्यांत रस्त्यावर गाडी अजिबात नाही. गिअरच्या गाडीला अठरा पूर्ण लागतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. अठराव्या वाढदिवसानंतर लर्निंग काढा. आधारच्या आधारे घरबसल्या परीक्षा देऊन ते मिळतं, सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसनची चाचणी देता येते. लर्निंगवर मागे बसायचं तर लायसनवाल्या शिकवणाऱ्यानेच, मित्राने नाही. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल'. आरटीओच्या चाचणीत आठचा आकडा काढायचा असतो, पाय न टेकता. अनेक जण पहिल्या खेपेला त्यातच अडकतात, कारण त्यांनी गाडी कधी हळू चालवलेलीच नसते.

ही हळू चालवण्याची परीक्षा तुम्हीच घेऊ शकता, स्वतःला गाडी येत नसली तरी. शाळेच्या गॅदरिंगला स्लो सायकलची शर्यत असायची ना, शेवटी पोचेल तो पहिला? जपानमध्ये मोटारसायकलच्या लायसनसाठी तशीच चाचणी आहे. १५ मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद फळीवरून जायचं, आणि ते सात सेकंदांच्या आत पार करायचं नाही. मोठ्या गाडीला दहा सेकंद. वाढदिवस होऊन लर्निंग हातात आलं की रविवारी दीरांबरोबर तुम्हीही मैदानावर जा. पदराला रांगोळीची पुडी बांधून न्या. पन्नास फूट लांब, फूटभर रुंद दोन रेघा ओढा. एका टोकाला तुम्ही उभ्या राहा आणि मोठ्याने सात मोजा. आधी दीरांना जायला सांगा. सासरे बरोबर असतील तर त्यांना हळूच विचारा, फॅक्टरीत कोणाला 'सायकल येते ना' म्हणून पहिल्या दिवशी मशिनवर उभं केलं होतं का?

ता. क.चं उत्तर. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा दिवा इंजिनबरोबर आपोआप लागतो, बंद करता येत नाही. मोटारसायकलच्या धडकेनंतर समोरच्या गाडीवाल्याचं ठरलेलं वाक्य असतं, "मला दिसलीच नाही." हर्टलाही हेच वाक्य पुनःपुन्हा ऐकायला मिळालं होतं. दिवा लागलेला असला की भर उन्हातही गाडी लवकर नजरेत भरते. बॅटरीची काळजी नको, इंजिन चालू असेपर्यंत ती भरत राहते. समोरून येणारे कोणी बोटं उघडझाप करून 'लाईट चालू आहे' असं सांगतील. खानदेशात हा परोपकार अजून थांबलेला नाही. मुलाला म्हणावं, हात हँडलवरून काढू नकोस, नुसती मान हलव.